खेळातले वजनमाप

२००६ च्या एप्रिल महिन्यात बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने आपल्या ‘ऑब्लिव्हियन’ नावाच्या व्हिडिओ गेमसाठी घोड्याचे चिलखत विक्रीस काढले. किंमत अडीच डॉलर. ज्याने पुरे पैसे मोजून खेळ आधीच विकत घेतला होता, त्यानेच हे अडीच डॉलर वर द्यायचे आणि त्या बदल्यात पडद्यावरच्या घोड्याच्या अंगावर पोलादी किंवा सोनेरी पत्रा चढवून घ्यायचा. चिलखत बव्हंशी शोभेचेच होते. खेळाडूंनी त्याची यथेच्छ टिंगल केली आणि ‘घोड्याचे चिलखत’ हा त्या जगात निरर्थक खरेदीला समानार्थी शब्द होऊन बसला. एकोणीस वर्षांनी, २०२५ च्या एप्रिलात, तोच खेळ नव्या रंगरंगोटीसह पुन्हा बाजारात आला तेव्हा त्याच्या महागड्या आवृत्तीत घोड्याचे चिलखतही पुन्हा हजर होते. या खेपेला हसणाऱ्यांत कंपनीही सामील झाली होती.

मधल्या दोन दशकांत काय घडले, हे या हसण्यात सामावलेले आहे. जी गोष्ट प्रथम थट्टेचा विषय होती ती व्यवसायाची मुख्य रीत बनली. खेळ विकून मिळणाऱ्या पैशापेक्षा खेळाच्या आत मांडलेल्या दुकानातून मिळणारा पैसा अनेक कंपन्यांना अधिक मोलाचा वाटू लागला. या दुकानात वजनकाटा कोण तपासतो, हा आमच्या आजच्या टिपणाचा प्रश्न आहे.

काही वाचक भुवया उंचावतील याची आम्हाला कल्पना आहे. महागाईविरुद्ध १९७२ साली लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांची आठवण ज्या चळवळीत अजून ताजी आहे, तिने पोरासोरांच्या खेळातल्या खोट्या तलवारींच्या किमतीची चिकित्सा करीत बसावे काय? आमचे उत्तर असे की गहू-तेलाच्या दुकानात गिऱ्हाईक फसू नये म्हणून जे नियम लढून मिळवले, ते सारे या नव्या दुकानाच्या दाराशी येऊन थबकले आहेत. आणि हे दुकान आता श्रीमंतांच्या दिवाणखान्यात राहिलेले नाही. ते सात-आठ हजारांच्या फोनवर उघडते. ज्या घरात एकच फोन असतो, त्यातच बापाचे बँकखाते, आईचा गॅसचा नंबर आणि मुलाचा खेळ असतो, त्या घरात ते दिवसरात्र उघडे असते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. खेळात वाढीव भर घालून तिचे वेगळे पैसे घेणे यात स्वभावतः काही पाप आहे, असे आम्ही मानीत नाही. उलट श्रमाचे मोल मिळावे असे म्हणणाऱ्यांनी तर तसे मानूच नये. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या कंपनीने ‘विचर ३’ हा खेळ २०१५ च्या मे महिन्यात काढला. त्यानंतर सोळा लहानसहान भरी तिने सर्वांना फुकट दिल्या आणि दोन मोठ्या भरी विकल्या. पहिली, ‘हार्ट्स ऑफ स्टोन’, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सुमारे दहा डॉलरला. दुसरी, ‘ब्लड अँड वाइन’, २०१६ च्या मे महिन्यात सुमारे वीस डॉलरला. या दुसऱ्या भरीत एक सबंध नवा प्रदेश होता, नवी माणसे होती, नवी कथा होती, आणि ती खेळून संपवायला वीसेक तास लागत. लेखक, चित्रकार, संगीतकार, आवाज देणारे नट, संगणकाची आज्ञावली लिहिणारे, चुका शोधणारे परीक्षक, अशा कितीतरी जणांचे महिनोन् महिन्यांचे काम त्या वीस डॉलरमागे दिसत होते. मूळ खेळ त्यावाचून अपुरा वाटत नव्हता. घेणाऱ्याला काय घेतो ते ठाऊक होते. असा व्यवहार जितका वाढेल तितके बरे.

एखाद्या मासिकाने वर्षाच्या अंकांखेरीज दिवाळीला जाडजूड विशेषांक काढावा आणि त्याचे वेगळे मोल सांगावे, तशातलाच हा प्रकार. पण त्याच मासिकाने कादंबरीचे शेवटचे प्रकरण फाडून घेतले आणि ते हवे असल्यास आणखी पैसे टाका म्हटले, तर वर्गणीदार काय म्हणतील? २०१२ च्या मार्चमध्ये कॅपकॉम या जपानी कंपनीने ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’ हा खेळ विकला तेव्हा नेमके हेच उघडकीस आले. पुढे पैसे घेऊन द्यावयाची बारा पात्रे विकलेल्या तबकडीवर आधीच उतरवून, कुलूप लावून ठेवलेली होती. गिऱ्हाइकाच्या घरात असलेल्या पेटीची किल्ली त्यालाच विकायची होती. कंपनीचा बचाव असा की वस्तू तबकडीवर असली काय किंवा नंतर तारेवरून पाठवली काय, परिणाम एकच. हा बचाव अगदीच टाकाऊ नव्हता, हे मान्य केले पाहिजे. त्या बारा पात्रांवरही कोणी तरी श्रम केलेच होते, आणि वस्तू कोठे ठेवली आहे यावरून तिचे मोल ठरत नाही. पण मग आक्षेप निराळ्या शब्दांत मांडावा लागतो. पूर्ण खेळ म्हणून जे विकले त्याची सीमा कोठे आहे, हे विक्रेता एकटाच ठरवतो आणि ती सीमा विक्रीनंतर सरकवण्याची मुभाही स्वतःकडेच ठेवतो. गिऱ्हाइकाला शेराचे माप दाखवून त्याच्या पदरात पाऊणशेर घालण्याला आपल्या बाजारात एक जुने नाव आहे. ते येथे उच्चारण्याची गरज नाही.

मात्र याहून गंभीर प्रकार पुढेच आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीचा ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ बाजारात यायचा होता. किंमत साठ डॉलर. या मालिकेतील चित्रपटांचे आकर्षण ज्या पात्रांमुळे आहे ती ल्यूक स्कायवॉकर आणि डार्थ व्हेडर ही पात्रे साठ डॉलर मोजूनही खेळाडूच्या हाती लगेच येत नव्हती. त्यांच्यासाठी खेळातील साठ हजार नाणी साठवायची होती, आणि त्यासाठी एकेका पात्रामागे चाळीस तासांच्या आसपास खेळावे लागेल असा हिशेब खेळाडूंनी मांडला. ज्याला इतका वेळ नाही त्याच्यासाठी पैसे देऊन घ्यावयाच्या पेट्या होत्या. त्यांतून निघणाऱ्या चिजांनी पैसेवाल्याचे बळ वाढे आणि नाणी जमवण्याची वाटही आखूड होई. तक्रारी आल्या तेव्हा कंपनीच्या प्रतिनिधीने असे लिहिले की पात्रे कष्टाने मिळवल्यास खेळाडूला अभिमान आणि कर्तृत्वाचे समाधान लाभावे हा त्यामागचा हेतू. त्या एका उत्तरावर साडेसहा लाखांहून अधिक नापसंतीची मते पडली आणि गिनेसच्या विक्रमांत त्याची नोंद झाली. आधी नाण्यांची अट साठ हजारांवरून पंधरा हजारांवर आली, आणि खेळ अधिकृतपणे बाजारात यायच्या आदल्या रात्री पैसे घेऊन विकायची सगळी सोयच तात्पुरती बंद करण्यात आली.

ही घटना आम्ही तपशिलाने दिली याचे कारण तिच्यात व्यवहाराची गुरुकिल्ली आहे. साठ हजार हा आकडा निसर्गाने दिलेला नव्हता. तो कंपनीनेच ठरवला आणि गिऱ्हाईक बिथरले तेव्हा चोवीस तासांच्या आत एक चतुर्थांशावर आणला. म्हणजे जी वाट लांब होती ती मुद्दाम लांब केलेली होती, आणि आखूड करून देण्याचे पैसे हवे होते. गावच्या रस्त्यावर स्वतः खड्डा खणून, चिखलातून गाडी बाहेर काढायला बैलजोडी भाड्याने देणाऱ्या माणसाला आपण उद्योजक म्हणू काय? अडचण विक्रेत्याने निर्माण करायची आणि तिच्यावरचा उताराही त्यानेच विकायचा, या व्यवहारात गिऱ्हाइकाला मिळालेले मोल शून्य असते. त्याच्याकडून जे आधी काढून घेतले तेवढेच त्याला परत मिळते. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१८ साली ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ या खेळात अनुभवाचे गुण वेगाने वाढवणारी मात्रा वेगळी विकली. पैसे देऊन घेतलेला खेळ लवकर संपावा म्हणून आणखी पैसे द्यायचे! नाटकाचा दुसरा अंक गाळून दाखवा म्हणून तिकीटखिडकीवर जादा पैसे भरणारा प्रेक्षक आम्ही तरी पाहिलेला नाही. आणि तसा प्रेक्षक निघालाच, तर दोष त्याच्या अभिरुचीत शोधावा की दुसऱ्या अंकात?

आता नशिबाच्या पेट्यांकडे वळू. इंग्रजीत त्यांना लूट बॉक्स म्हणतात, आणि लूट कोणाची हे नाव ठेवणाऱ्याने सांगितलेले नाही. पैसे देऊन पेटी घ्यायची. आत काय निघेल ते उघडल्यावरच कळायचे. शाळेच्या दाराशी पुठ्ठ्यावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत, पाच पैशांना एक चिठ्ठी ओढायची आणि वर टांगलेल्या बॅटकडे पाहत घरी एक गोळी घेऊन जायचे. तोच हा खेळ. फरक इतकाच की पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या मोजता येत आणि संपत. येथे चिठ्ठ्या संपत नाहीत. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या फुटबॉलच्या खेळात ‘अल्टिमेट टीम’ नावाचा विभाग आहे; त्यात खेळाडूंच्या पत्त्यांची बंद पाकिटे विकली जातात. कंपनीच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे २०२१ च्या मार्चअखेर संपलेल्या वर्षात तिच्या खेळांतील अशा विभागांचे उत्पन्न १६२ कोटी डॉलर, म्हणजे एकूण उत्पन्नाच्या २९ टक्के होते. आणि हा फुटबॉलचा खेळ दरवर्षी नव्याने निघतो. नवा निघाला की जुन्या खेळात पैसे ओतून जमवलेला संघ तेथेच राहतो; नव्या खेळात पुन्हा श्रीगणेशा. दर सप्टेंबरात कुणाचे तरी वर्षभराचे पत्ते असे बेकार होतात.

मुंबईच्या गिरणगावात मटक्याने किती संसार धुळीला मिळवले, हे आमच्या जुन्या वाचकांना सांगायला नको. मटक्याचे समर्थन आम्ही कधी केले नाही आणि आज करणार नाही. परंतु मटक्यावाला आकडा लागल्यावर पैसे तरी हातावर ठेवीत असे. या पाकिटातून जे निघते ते विकता येत नाही, मोडता येत नाही, कोणाला वारसाने देता येत नाही. जुगाराची सगळी ओढ आहे आणि जुगारात जिंकण्याची जी एक शक्यता असते तीही नाही. गंमत अशी की अनेक देशांच्या कायद्यांत ही त्रुटीच कंपन्यांची ढाल ठरली. जिंकलेल्या वस्तूला पैशाचे मोल नाही, सबब हा जुगार नाही, असा तो युक्तिवाद. ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर २०१९ च्या जूनमध्ये साक्ष देताना याच कंपनीच्या अधिकाऱ्याने या पेट्यांना ‘आश्चर्याची यंत्रणा’ असे गोंडस नाव दिले आणि त्यांची तुलना लहान मुलांच्या चॉकलेटच्या अंड्यातील खेळण्याशी केली. समितीवर त्याचा परिणाम झाला नाही. नशिबावर अवलंबून असलेल्या पेट्या मुलांना विकू नयेत अशी शिफारस तिने त्याच सप्टेंबरात केली. सरकारने मात्र २०२२ च्या जुलैमध्ये कायदा करण्यास नकार दिला आणि धंद्याने स्वतःच स्वतःला शिस्त लावावी, असे सुचवले. धंद्याच्या स्वयंशिस्तीवर सरकारांचा विश्वास सर्वत्र सारखाच दृढ दिसतो.

इतर देशांनी निरनिराळे मार्ग चोखाळले. जपानमध्ये, जेथे नाणे टाकून खेळणी निघणाऱ्या यंत्रावरून या प्रकाराला ‘गाचा’ हे नाव पडले, तेथील ग्राहक व्यवहार संस्थेने २०१२ च्या मे महिन्यातच त्यातला एक विशेष घातक प्रकार, नशिबाने मिळणाऱ्या वस्तूंचा संपूर्ण संच जमवला तरच मोठे बक्षीस देणारा, बेकायदा ठरवला. चीनने मे २०१७ पासून पेटीतून काय निघण्याची किती शक्यता आहे ते जाहीर करणे कंपन्यांना भाग पाडले. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ च्या एप्रिलमध्ये अशा पेट्या बेकायदा जुगारात मोडतात असा निर्वाळा दिला, आणि २०१९ च्या आरंभी तेथे फुटबॉलच्या पाकिटांसाठी पैसे घेणे बंद झाले. हॉलंडमध्येही एक कोटी युरोंचा दंड झाला. पण २०२२ च्या मार्चमध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने तो रद्द केला. पाकिटे उघडणे हा स्वतंत्र खेळ नसून कौशल्याच्या मोठ्या खेळाचा एक भाग आहे, असे त्या न्यायपीठाचे मत पडले. कायदेपंडितांना यात रस वाटेल. आम्हाला अधिक बोचते ती दुसरी एक गोष्ट. ब्रिटनमधील प्लिमथ आणि वुल्व्हरहॅम्प्टन या विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२१ साली असे दाखवले की पेट्यांच्या उत्पन्नाचा सुमारे निम्मा भाग घेणाऱ्यांपैकी अवघ्या पाच टक्क्यांकडून येतो, आणि त्या पाच टक्क्यांत जुगाराच्या व्यसनाची लक्षणे असलेल्यांचे प्रमाण मोठे आहे. म्हणजे हा धंदा सर्वांकडून थोडे थोडे घेऊन चालत नाही. ज्याला स्वतःला आवरता येत नाही, त्याच्यावर तो चालतो. धंद्याच्या बोलीत अशा गिऱ्हाइकाला ‘व्हेल’ म्हणतात. हा शब्द त्यांनी अमेरिकेतील जुगारअड्ड्यांवरून उचलला.

या दुकानातले चलनही निराळे आहे. रुपयाने किंवा डॉलरने थेट काही घेता येत नाही; आधी खेळातली नाणी घ्यावी लागतात. ‘फोर्टनाइट’मध्ये त्यांना व्ही-बक्स म्हणतात, ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’त यूसी. नाणी बहुधा ठरावीक गठ्ठ्यांत मिळतात आणि वस्तूंच्या किमती त्या गठ्ठ्यांशी नीट जुळत नाहीत, त्यामुळे थोडी नाणी अनेकदा उरतात, आणि उरलेली नाणी पुढची खरेदी करायला बोलावत राहतात. शिवाय एक वस्तू आठशे नाण्यांना म्हटली की तिची रुपयांतली किंमत काढायला त्रैराशिक मांडावे लागते. खेळाच्या ऐन भरात, दुकान बंद व्हायला दोन तास उरले असे घड्याळ समोर टिकटिकत असताना ते कोणी मांडत नाही. आसाम आणि सिल्हेटच्या चहामळ्यांत मालक मजुरांना सरकारी नाण्यांऐवजी मळ्याची टोकने देत असत हे इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. टोकन मळ्याबाहेर चालत नसे, आणि मळ्याच्या आत भाव मालकाचा असे. इंग्लंडात १८३१ च्या कायद्याने आणि आपल्याकडे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मजुरी चलनी नाण्यांतच द्यावी असे बंधन घातले ते याच लबाडीमुळे. तेथे मजुराची कमाई टोकनात अडकवली जाई, येथे गिऱ्हाइकाचा खर्च. युरोपीय संघाच्या ग्राहक संरक्षण अधिकाऱ्यांनी २०२५ च्या मार्चमध्ये खेळातल्या वस्तूची किंमत खऱ्या चलनातही स्पष्ट दाखवावी आणि नको असलेली नाणी घेण्यास भाग पाडू नये अशी तत्त्वे मांडली. हे सुचायला एवढा काळ लागला, याचेच नवल.

‘फोर्टनाइट’च्या कर्त्या एपिक कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केलेली कारवाई या संदर्भात उद्बोधक आहे. २०२२ च्या डिसेंबरात झालेल्या तडजोडीत कंपनीने एकूण ५२ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले; त्यांतील साडेचोवीस कोटी गिऱ्हाइकांना परत द्यावयाचे होते. आयोगाचा आरोप असा की खेळातील बटणांची रचना अशी होती की झोपलेला खेळ जागा करताना किंवा वस्तू नुसती पाहायला जाताना एक बटण दाबले तरी खरेदी होऊन जाई. आईबापांच्या संमतीवाचून मुलांच्या हातून पैसे खर्च होत. आणि ज्यांनी बँकेकडे तक्रार केली त्यांची खातीच कंपनी बंद करी. दरोड्याची फिर्याद दिली म्हणून वाड्यालाच टाळे!

या सर्वावर कंपन्यांचा जो सर्वांत बळकट बचाव आहे तो आम्ही जाणूनबुजून शेवटाकडे ठेवला. त्या म्हणतात, बहुतेक असे खेळ मुळात फुकट आहेत. ज्याच्याजवळ पैसा नाही तोही खेळतो. ज्याच्याजवळ आहे तो हौसेने देतो. त्याच्या पैशावर गरिबाचा खेळ चालतो. वरकरणी हा युक्तिवाद समाजवादी कानांना गोड लागणारा आहे, आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. ‘डोटा २’ या खेळात २०१३ पासून सगळी पात्रे सर्वांना विनामूल्य मिळतात. विक्री होते ती प्रामुख्याने वेषभूषेची. ज्याने काही घेतले नाही तो खेळात कोठेही उणा पडत नाही. तालुक्याच्या गावातला, महिन्याला हजार रुपयेही हाती न उरणारा मुलगा जगातल्या कोणाशीही बरोबरीने खेळू शकतो, ही लहान गोष्ट नव्हे, आणि तिला नाक मुरडण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमचे म्हणणे एवढेच की ही वाट मोकळी असताना ज्यांनी दुसरी धरली, त्यांनी फुकटपणाची ढाल पुढे करू नये. जेथे पैसेवाल्याला अधिक बळ मिळते तेथे फुकट खेळणारा हा पाहुणा राहत नाही. तो पैसेवाल्याने हरवण्यासाठी जमवलेला जमाव होतो. आणि नुसत्या वेषभूषेच्या विक्रीतही बोच आहे. ‘फोर्टनाइट’ खेळणाऱ्या मुलांत, ज्याने काहीच विकत घेतले नाही त्याला ‘डिफॉल्ट’ म्हणून चिडवण्याची रीत पडली. गणवेश एक असावा म्हणून ज्या शाळांनी आग्रह धरला, त्याच शाळांच्या मधल्या सुट्टीत हा भेद मागल्या दाराने शिरला.

विकत घेतलेली वस्तू गिऱ्हाइकाची होते काय, हाही प्रश्न आहे. युबिसॉफ्टने २०१४ साली विकलेला ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपली यंत्रे बंद केल्यावर कायमचा निकामी झाला. एकट्याने खेळण्याचा भागसुद्धा. पैसे देऊन घेतलेल्या मोटारी, नकाशे, सारे त्याबरोबर गेले. त्यातून युरोपात जी सह्यांची मोहीम उभी राहिली तिने २०२५ च्या जुलैमध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला. आपल्याकडे २०२० च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने ‘पब्जी मोबाइल’वर बंदी घातली. पुढच्या वर्षी तो खेळ नव्या नावाने आला तेव्हा जुन्या खात्यातील खरेदी हलवण्याची सोय कंपनीने दिली. कृपा म्हणून दिली. हक्क म्हणून मागता आली असती असे कोणत्या कायद्यात होते?

आणि हा पैसा शेवटी जातो कोठे? घोड्याचे चिलखत विकणारी बेथेस्डा ज्या समूहात होती तो समूह मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये ७५० कोटी डॉलरला घेतला. २०२३ च्या ऑक्टोबरात तिने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डही सुमारे ६,९०० कोटींना घेतली आणि तीनच महिन्यांनी खेळांच्या विभागातले १,९०० लोक कामावरून काढले. तेव्हा गिऱ्हाईक जेव्हा म्हणते की माझे जादा पैसे खेळ घडवणाऱ्या कारागिरांना मिळत असतील तर हरकत नाही, तेव्हा त्याला हेही सांगायला हवे. त्याच बेथेस्डाच्या २४१ कामगारांनी २०२४ च्या जुलैमध्ये आपली युनियन उभी केली. समूहातील खेळ तपासणाऱ्या परीक्षकांनी तर त्याआधीच संघटना बांधली होती, आणि २०२५ मध्ये त्यांनी वेतनवाढीचा करार पदरात पाडून घेतला. वीस वर्षांपूर्वी त्या अडीच डॉलरांवर जे हसले, त्यांनी ही बातमीही वाचावी.

आपल्या संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर त्याने बंदी घातली, ते योग्यच झाले. त्या खेळांनी घरे बुडवली. पण त्याचा मुख्य निकष जिंकल्यावर पैशाची प्राप्ती व्हावी या अपेक्षेचा आहे. ज्या पेटीतून पैसे कधीच निघत नाहीत ती या चाळणीतून सहज खाली उतरते, म्हणजे बेल्जियमने जे पकडले ते आपल्या हातून सुटले. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याकडून तर कसलीच अपेक्षा करता येत नाही. सरसकट बंदीची मागणी आम्ही करीत नाही. तिने खेळ चोरवाटेने चालतील एवढेच होईल. प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत लिहिली जावी, पेटीतून काय निघण्याची शक्यता किती ते उघडण्याआधी दिसावे, अठरा वर्षांखालील मुलाला नशिबाची पेटी विकली जाऊ नये, आणि खेळ बंद करायचा झाल्यास आधी पुरेशी सूचना व अलीकडच्या खरेदीची परतफेड मिळावी, एवढे नियम केले तरी या दुकानाचा काटा बराच सरळ होईल.

तोवर हाताशी काही नाही असे मात्र नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरात फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. खोटी घाई निर्माण करणे, नको ती कृती करण्यास भाग पाडणे, मागे लागून सतावणे, किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणे अशा तेरा प्रकारांना त्यांत अनुचित ठरवले आहे, आणि ती ऑनलाइन विक्री करणाऱ्या सर्वांना लागू आहेत. खेळातल्या दुकानात टिकटिकणारे ते घड्याळ यांत बसते की नाही, हे कोणी तरी तक्रार केल्याखेरीज ठरणार नाही. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. वस्तीतल्या एखाद्या घरात मुलाच्या खेळापायी पैसे गेल्याचे ऐकले, तर आपल्या कार्यकर्त्याने मुलाला रागे भरण्यात वेळ न दवडता आधी बँकेचा संदेश आणि खरेदीची पावती जपून ठेवायला सांगावे, आणि आईबापांबरोबर बसून तो क्रमांक फिरवावा.